पुडी, तराजू आणि मीजान

सूरह रहमानच्या आरंभी अल्लाहने आकाश उंच उभारल्याचे सांगितले आहे आणि त्याला लागूनच मीजान, म्हणजे तराजू, मांडल्याचा उल्लेख केला आहे. एवढ्या अफाट आकाशाशेजारी बाजारातली ही साधी वस्तू कशासाठी, असा प्रश्न तफसीरच्या वर्गात हटकून निघतो. त्याचे उत्तर पुढच्याच आयतींत आहे. तोलण्यात मर्यादा ओलांडू नका, न्यायाने तोला आणि तोलात खोट ठेवू नका, अशी ताकीद तिथे आहे. ज्या समतोलावर आकाश उभे आहे, त्याच समतोलाची अपेक्षा माणसाकडून त्याच्या व्यवहारात, निवाड्यात आणि घरात केली गेली आहे.

वाचकहो, या लेखात आजच्या दोन तराजूंचा विचार करायचा आहे. पहिला तराजू बाजाराचा. तिथे माणसाची इच्छा पैशात तोलली जाते. दुसरा तराजू अमली पदार्थांच्या कायद्याचा. तिथे माणसाची शिक्षा ग्रॅममध्ये तोलली जाते. आपल्या वस्त्यांमधली कित्येक तरुण मुले पहिल्या तराजूत तोलली जातात आणि दुसऱ्यात अडकतात. आपण मात्र त्यांच्याकडे पोलिसांची गाडी दारात उभी राहिल्यावरच पाहतो.

बाजाराची शिकवण

मराठीत ज्याला चंगळवाद म्हणतात, तो केवळ जास्त खरेदी करण्याचा दोष नव्हे. ती एक शिकवण आहे, आणि प्रत्येक शिकवणीप्रमाणे तिचाही एक कलमा आहे. मनाला जे हवे ते मिळालेच पाहिजे, आत्ताच मिळाले पाहिजे आणि ते विकत मिळते, हा तो कलमा. सूरह जासियाच्या २३व्या आयतीत आपल्या वासनेलाच ईश्वर मानणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. पूर्वी या आयतीचा अर्थ सांगताना भोगी राजांची उदाहरणे दिली जात. आज ती वासना सामान्य माणसाच्या खिशातल्या मोबाइलवर दिवसरात्र हाका मारत असते.

ही शिकवण आपोआप पसरलेली नाही, ती पसरवली गेली आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर ईस्टरच्या मिरवणुकीत एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने काही तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून वृत्तपत्रांत गाजवले. पैसा तंबाखू कंपनीचा होता. तंबाखू तीच होती, धूरही तोच होता, पण विकले गेले ते स्वातंत्र्य. तेव्हापासून बाजार वस्तूऐवजी मनाची पोकळी भरून देण्याचे वचन विकू लागला. पोकळी भरली तर पुढची विक्री थांबेल, म्हणून ती भरू नये याचीही काळजी तो घेतो. आदमच्या पुत्राला सोन्याची एक दरी मिळाली तर तो दुसरीची इच्छा करील, हे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितलेले सत्य आज संपूर्ण व्यापाराचे भांडवल झाले आहे.

या व्यापाराचे एक लहानसे तंत्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. महाग वस्तू गरिबाला परवडत नसेल, तर तिची पुडी करायची. शाम्पूची पुडी, कॉफीची पुडी, गुटख्याची पुडी. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी त्याच्या नावाशी साधर्म्य सांगणाऱ्या वेलचीच्या आणि पानमसाल्याच्या जाहिराती आपण रोज पाहतो.

नशेच्या व्यापारानेही हेच तंत्र उचलले. अमेरिकेत १९७०च्या दशकात कोकेन ही श्रीमंतांच्या मेजवान्यांतली महागडी चैन होती. १९८०च्या दशकात तिचे भाव उतरले, आणि त्याच कोकेनवर प्रक्रिया करून बनवलेले क्रॅक नावाचे खडे अवघ्या काही डॉलरला शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये मिळू लागले. त्याच दशकात आपल्या मुंबई-पुण्यात गर्दच्या पुड्या आल्या. या गर्दने घरेच्या घरे बसवली, म्हणून तर १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आज गर्दच्या जोडीला एमडी आले आहे. पदार्थ बदलत गेले, पुडी मात्र तीच राहिली.

ग्रॅमचा कायदा

आता दुसऱ्या तराजूकडे वळू. १९८६च्या जून महिन्यात लेन बायस हा अमेरिकेतला नामवंत तरुण बास्केटबॉल खेळाडू कोकेनमुळे मरण पावला. देश हादरला. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि ऑक्टोबरमध्ये नवा कायदाही झाला. त्या कायद्यानुसार विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्याला किमान ५ वर्षांचा तुरुंगवास बंधनकारक झाला. हीच शिक्षा भुकटीच्या कोकेनसाठी हवी असेल तर ५०० ग्रॅम सापडावे लागत. एकाच पदार्थाच्या दोन रूपांमध्ये १०० पटींचे अंतर! १९८८ साली तर केवळ जवळ बाळगल्याबद्दलही, विक्रीचा हेतू नसला तरी, ५ ग्रॅमहून अधिक क्रॅकला किमान ५ वर्षांची शिक्षा ठरवण्यात आली. न्यायाधीशासमोर उभा असलेला माणूस कोण आहे, तो या मार्गाला कसा लागला, त्याच्या घरी कोण आहे, यांपैकी काहीही त्या किमान शिक्षेखाली जाण्यास पुरेसे नव्हते. भुकटी वापरणाऱ्यांत सुखवस्तू लोक बरेच होते, पण क्रॅकच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे अंतर कमी करून १८ पटींवर आणायला आणि केवळ बाळगण्याची ती बंधनकारक शिक्षा रद्द करायला २०१० साल उजाडावे लागले. तोपर्यंत एका पिढीची मुले बापाला काचेआडून पाहत मोठी झाली होती.

आपल्या देशातला एनडीपीएस कायदा १९८५चा आहे. २००१च्या दुरुस्तीपासून त्यात प्रमाणानुसार तीन पायऱ्या आहेत: अल्प, मध्यम आणि व्यापारी. हेरॉईनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण मानले जाते. एमडीसाठी हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त १ वर्ष, तर व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षे आणि किमान १ लाख रुपये दंड. ५० ग्रॅम म्हणजे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याएवढे वजन. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली पिशवी एखाद्या मुलाने घरात ठेवली आणि तिच्यात तेवढे सापडले, तर दोषी ठरल्यावर १० वर्षांखाली येण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात जामीन मिळणेही अत्यंत कठीण असते. शिवाय २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की प्रमाण ठरवताना भेसळीचे वजनही धरायचे, म्हणजे अमली द्रव्य त्यात किती हे न पाहता संपूर्ण मिश्रण तोलायचे. विक्रेत्याने पैशासाठी मिसळलेली पूडही अशा रीतीने आरोपीच्या पारड्यात पडते.

याच कायद्यात १९८९ साली काही गुन्हे पुन्हा केल्यास फाशीची शिक्षा बंधनकारक करण्यात आली होती. २०११ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती राज्यघटनेशी विसंगत ठरवली. माणसाची परिस्थिती तोलण्याचा अधिकारच न्यायाधीशाकडून काढून घेणे न्याय्य नाही, असे त्या निकालाचे सार होते. २०१४च्या दुरुस्तीत ती सक्ती कायद्यातूनच गेली. म्हणजे जो प्रश्न आपण इथे धर्माच्या अंगाने विचारत आहोत, तो देशाच्या न्यायालयांनाही पडलेला आहे.

किंमत खाणारा कुठे आहे?

मद्याच्या संदर्भात प्रेषितांनी (सल्ल.) दहा जणांवर अभिशाप सांगितल्याची हदीस तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. त्या यादीत केवळ पिणारा नाही. मद्य गाळणारा, गाळून घेणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेले जाते तो, पाजणारा, विकणारा, विकत घेणारा, ज्याच्यासाठी घेतले जाते तो आणि त्याची किंमत खाणारा, असे सर्व त्यात आहेत. किंमत खाणारा हा शब्द नीट लक्षात घ्यावा. त्याच्या हाताला मद्याचा वास येत नाही, त्याच्या घरझडतीत काही सापडत नाही, तरीही अल्लाहच्या मीजानमध्ये तो हजर आहे.

ग्रॅमचा तराजू मात्र ज्याच्या हातात पुडी आहे त्यालाच पाहतो. अमेरिकेत ५ ग्रॅमसाठी ५ वर्षांचा कायदा लागू असतानाच, १९९६ साली पर्ड्यू नावाच्या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आणले. व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचे भासवून ते डॉक्टरांच्या गळी उतरवले. हा प्रचार दिशाभूल करणारा होता, हे कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केले, सुमारे ६० कोटी डॉलर भरले आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्याची कबुली दिली. त्यांपैकी एकही तुरुंगात गेला नाही. वेदना होते ना, मग गोळी विकत घे, ही चंगळवादाची शिकवण पांढऱ्या कोटात आली तेव्हा तिला दंड झाला. फाटक्या खिशात आली तेव्हा तिला कोठडी मिळाली. तोलण्यात खोट ठेवू नका, या आज्ञेचे उल्लंघन यापेक्षा उघड काय असू शकते?

एक रास्त आक्षेप

इथे एखादा वाचक विचारील की मौलाना, शरीयतमध्येही काही शिक्षा ठरलेल्याच आहेत, मग कायद्याने ठरवलेल्या शिक्षेला नावे का ठेवता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट अशी की नशा हराम आहे, याबद्दल तिळमात्र शंका नाही. सूरह माइदाच्या ९०व्या आयतीने मद्याला सैतानी घाण ठरवले. उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये नशा आणणाऱ्या वस्तूंसोबत शरीर व बुद्धी सुस्त करणाऱ्या वस्तूही निषिद्ध ठरल्या. त्या आधारे गांजा, चरस, अफू, गर्द, एमडी हे सारे हराम आहेत. कुणी या लेखाचा अर्थ नशेला सूट असा काढू नये.

दुसरी गोष्ट, हद्द म्हणजे ठरलेली शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना आहे, आणि शंका निर्माण झाली तर हद्द टाळावी, असा फुकहांचा सर्वमान्य नियम आहे. माफ करण्यात काजीची चूक होणे हे शिक्षा करण्यात चूक होण्यापेक्षा बरे, असा आशय हदीसमध्ये आला आहे.

तिसरी गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडणारी आहे. भांग, अफू यांसारख्या घन पदार्थांच्या सेवनावर हद्द नसून ताजीर आहे, असे हनफी फुकहांचे मत आहे, आणि कोकणातले आपले बांधव ज्या शाफई मसलकचे आहेत त्यातही प्रचलित मत हेच आहे. इमाम इब्ने तैमिया यांचे मत याहून कडक होते, हेही नमूद केले पाहिजे. पण केवळ बाळगण्याचा गुन्हा तर ताजीरच्याच कक्षेत येतो. ताजीर म्हणजे अशी शिक्षा, जी काजी गुन्हा, माणूस आणि परिस्थिती पाहून ठरवतो. धंदा करणारा आणि व्यसनाच्या खाईत पडलेला, सराईत आणि फसलेला, यांना तो एकाच मापाने तोलत नाही.

चौथी गोष्ट सुन्नतची. सहीह बुखारीत एका सहाबींचा प्रसंग आहे. मद्य प्याल्याबद्दल त्यांना वारंवार आणले जाई आणि शिक्षाही होई. एकदा उपस्थितांपैकी कुणीतरी त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (सल्ल.) तत्काळ रोखले आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, याची ग्वाही दिली. अशाच प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असेही त्यांनी बजावले. शिक्षा झाली, ती त्या दिवशी संपली आणि माणूस आपल्या घरी, आपल्या मशिदीत परतला. त्याचे नाव समाजातून खोडले गेले नाही.

मद्याची मडकी कशी फुटली?

मद्यबंदी मदिनेत एका दिवसात आली नाही. आधी त्यात लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगण्यात आले. मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. त्यानंतर पूर्ण बंदी उतरली, आणि त्या दिवशी मदिनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. ते कुणी छापा घालून ओतले नव्हते. लोकांनी आपल्याच हातांनी ओतले होते. ह. आयशा (रजि.) यांनी याचे मर्म सांगितले आहे. सुरुवातीलाच मद्य सोडा असा हुकूम आला असता तर लोकांनी तो मानला नसता. आधी जन्नत आणि जहन्नमच्या आयती उतरल्या, अंतःकरणे वळली, मग हलाल-हरामचे हुकूम आले.

अमेरिकेने १९२० साली संपूर्ण देशात दारूबंदी केली आणि १९३३ साली ती मागे घेतली. तुरुंग होते, पोलीस होते, कायदा तर राज्यघटनेत लिहिलेला होता. नव्हते ते अंतःकरणांचे वळणे. जो समाज दिवसभर इच्छा भडकवतो आणि रात्री तिच्याबद्दल शिक्षा करतो, त्याचे तुरुंग भरत राहतात, पण पुड्या संपत नाहीत. लोकांच्या मनाला नको म्हणायला शिकवणारी व्यवस्था आधी हवी, दंड तिच्या मागून यावा. मदिनेने हा क्रम पाळला. आजच्या जगाने तो उलटा केला आहे.

आपल्या घरातला तराजू

वाचकहो, देशाचा कायदा बदलणे तुमच्या-माझ्या हाती नाही. तो पाळणे आपले कर्तव्य आहे. पण घर आपल्या हाती आहे. ह. उमर (रजि.) यांनी एकदा जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना मांस घेऊन जाताना पाहिले. खाण्याची इच्छा झाली म्हणून घेतले, असे जाबिर (रजि.) म्हणाले. त्यावर, शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी आपले पोट थोडे आवळावे असे तुम्हाला वाटत नाही का, असा सवाल ह. उमर (रजि.) यांनी केला. मांस हलाल होते, पैसा हलाल होता. तरीही इच्छा होताच खरेदी, या सवयीची त्यांना भीती वाटली.

आपल्या मुलाने हट्ट केला की हप्त्यांवर मोबाइल येतो. लग्नात कर्ज काढून मंडप सजतो, कारण शेजाऱ्याचा सजला होता. रोजा मनाला नको म्हणण्याचा सराव देतो, पण इफ्तारच्या दस्तरखानावर आपण तो सराव उधळून लावतो. ज्या मुलाने घरात कधी थांबणे पाहिले नाही, त्याने नाक्यावर मित्राने पुढे केलेल्या पुडीला नकार द्यावा, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? प्रत्येक व्यसनाचे मूळ घरातच असते, असे मी म्हणत नाही. बेकारी, दुःख, संगत अशी अनेक कारणे असतात. पण नकाराचे पहिले शिक्षण देण्याचे काम घराचे आहे.

आणि मूल अडकलेच, तर? आपल्याकडे दोन चुका होतात. कळल्यापासून अटक होईपर्यंत आपण लपवतो, आणि अटक झाल्यावर त्याला तोडून टाकतो. लपवण्याचा तो काळच खरे तर उपचाराचा काळ असतो. व्यसन जडले की ते शरीराचाही आजार होते. प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध ठेवले आहे, म्हणून उपचार करा, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण इथेही लागू आहे. दुआ आणि दवा दोन्ही हव्यात. केवळ तावीज बांधून गर्द सुटत नाही. ज्या एनडीपीएस कायद्याची कठोरता वर पाहिली, त्याच्या कलम ६४-अ मध्ये एक दारही आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी अथवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कलम ३९नुसार दोषी ठरलेल्या व्यसनाधीनालाही न्यायालय उपचारासाठी सोडू शकते. या तरतुदी वकिलाला आवर्जून विचाराव्यात. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर व्यसनमुक्तीचे मार्गदर्शन विनाशुल्क मिळते. हा क्रमांक मशिदीच्या सूचनाफलकावर लावायला कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये.

जमातीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती आहे. ज्या घरातला मुलगा तुरुंगात आहे, त्या घरातल्या आईला इज्तेमात जागा करून द्या. त्याच्या बहिणीचे स्थळ केवळ त्या कारणाने परत करू नका. एकाचे ओझे दुसऱ्याने उचलायचे नाही, हा कुरआनचा नियम आहे. कमावता आत गेल्याने घर गरजू झाले असेल, तर ते जकातचे हक्कदार आहे. सूरह दहरच्या ८व्या आयतीत नेकांचे वर्णन करताना, ते अल्लाहच्या प्रेमाखातर गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात, असे सांगितले आहे. कैदी तिथे स्पष्ट शब्दांत आला आहे. आपल्या सदक्यांच्या यादीत तो कधी येतो का, हे तपासून पाहावे. त्याच वेळी वस्तीत पुड्यांचा धंदा करणारा कितीही मोठी देणगी घेऊन आला, तरी ती नाकारण्याचे धैर्य मशिदीच्या विश्वस्तांत असले पाहिजे. नाही तर किंमत खाणाऱ्यांच्या यादीत आपलेही नाव जाईल.

ह. यूसुफ (अलै.) यांनी तुरुंगातल्या दोघांना आपले सोबती म्हणून हाक मारली आणि त्यांना अल्लाहकडे बोलावले. त्यांपैकी जो सुटला त्याला यूसुफ (अलै.) यांनी आपल्या मालकाकडे आपला उल्लेख करायला सांगितले होते. सैतानाने त्याला त्याचा विसर पाडला आणि यूसुफ (अलै.) आणखी काही वर्षे आतच राहिले. बाहेर असलेल्या माणसाने आत असलेल्याला विसरणे हे सैतानाचे काम आहे, असे कुरआन सांगतो. आपण आज बाहेर आहोत.

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या मनात हरामचा तिटकारा आणि हलालवर समाधान निर्माण कर. जे अडकले त्यांना तौबा आणि शिफा दे. जे निवाडा करतात त्यांना न्यायाने तोलण्याची बुद्धी दे, आणि कयामतच्या दिवशी तुझ्या मीजानसमोर आमची लाज राख. आमीन.